संदेष्ट्यांचा काळ संपला आहे काय?

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर एक माता मला भेटावयास आली. तिच्या मुलीचा विवाह ठरला होता आणि विवाहाच्या घोषणा चर्चमध्ये वाचल्या जाणार होत्या. मध्यंतरी एक शेजारीण तिला कोणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला घेऊन गेली होती. त्या सभेचा प्रमुख स्वतःला ‘संदेष्टा’ म्हणवितो. त्याने तिच्या मस्तकावर हात ठेवला आणि या विवाहाच्या मांडवात आपल्याला शवपेटी दिसत असल्याचे सांगितले. हे संकट टळावे यासाठी तीन आठवडे उपवास आणि एक मोठे ‘अर्पण’ करण्याची सूचनाही त्याने केली. त्या रात्रीपासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. अर्पणाची अर्धी रक्कम ती देऊन आली होती.

“फादर, हा माणूस खरेच संदेष्टा असेल का? देव आजही संदेष्टे पाठवतो का?” तिने विचारले.

पुढच्या मिस्साची वेळ झाली होती. मी घाईघाईने म्हणालो, “ताई, संदेष्टे बायबलच्या काळात होऊन गेले. आता कोणी येत नाही. तुम्ही काळजी करू नका.”

ती क्षणभर थांबली आणि शांतपणे म्हणाली, “मग फादर, मागे तुम्हीच प्रवचनात म्हणाला होता की स्नानसंस्काराने आपण सगळेच संदेष्टे झालो आहोत. ते कसे?”

तिचा प्रश्न बिनतोड होता. मी तिला दिलासा दिला होता, पण उत्तर अर्धवट दिले होते. अर्धवट उत्तराने भीती जात नाही. पूर्ण उत्तर मी तिला नंतर सवडीने दिले. तोच प्रश्न आज अनेक कुटुंबांना पडतो आहे. भ्रमणध्वनीवर दररोज कोणाचे तरी ‘भाकीत’ येऊन पडते, अमुक तारखेला अंधार होणार, तमुक देशाचा नाश होणार. त्यामुळे ते उत्तर येथे सविस्तर मांडीत आहे.

‘संदेष्टा’ म्हणजे कोण?

निम्मा घोटाळा शब्दापाशीच होतो. जुन्या मराठी बायबलमध्ये ‘भविष्यवादी’ असा शब्द योजलेला आढळतो. त्यामुळे पुढे काय घडणार ते सांगणारा तो संदेष्टा, अशी समजूत आपल्या मनात खोलवर रुजली. ‘संदेष्टा’ हा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो. जो दुसऱ्याचा संदेश पोचवतो तो संदेष्टा.

हिब्रू भाषेत त्याला ‘नबी’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ बायबलच एका प्रसंगातून उलगडून दाखवते. मोशेला अस्खलित बोलता येत नव्हते, म्हणून देवाने त्याचा भाऊ अहरोन याला त्याचा ‘नबी’ म्हणून नेमले (निर्गम ७:१). मोशेने सांगावे आणि अहरोनाने ते फारोपुढे बोलावे, अशी ही योजना होती. अहरोन भविष्य सांगत नव्हता. तो मोशेचे मुख झाला होता. त्याचप्रमाणे संदेष्टा हा देवाचे मुख होतो. तो कधी पुढच्या गोष्टी सांगतो, परंतु बहुतेक वेळा तो आजच्याच गोष्टी सांगतो: विधवेवर अन्याय होत आहे, तराजू खोटे आहेत, उपासना पोकळ झाली आहे, देवाकडे परत फिरा.

भविष्य सांगतानाही संदेष्ट्याचा हेतू लोकांना घाबरवण्याचा नसतो. योनाने निनवे नगरात जाऊन चाळीस दिवसांत नगराचा नाश होईल असे घोषित केले. लोकांनी पश्चात्ताप केला आणि नाश टळला. शब्दशः पाहता योनाचे भाकीत ‘चुकले’. प्रत्यक्षात ते सफळ झाले, कारण लोकांनी परत फिरावे हीच देवाची इच्छा होती.

खरा आणि खोटा यांची पारख

जुन्या करारात खऱ्या संदेष्ट्यांइतकेच खोटे संदेष्टे भेटतात. म्हणूनच अनुवाद या ग्रंथात पारखण्याच्या दोन कसोट्या सांगितल्या आहेत. पहिली अशी की, देवाच्या नावाने सांगितलेली गोष्ट घडून आली नाही, तर तो संदेश देवाचा नव्हता, त्या माणसाला भिण्याचे कारण नाही (अनुवाद १८:२२). दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची आहे. सांगितलेले चिन्ह घडून आले, तरीही जो तुम्हाला खऱ्या देवापासून दूर नेतो त्याचे ऐकू नका (अनुवाद १३:१-३). म्हणजे एखाद्याचे भाकीत खरे ठरले एवढ्यावरून तो देवाचा माणूस ठरत नाही. ही गोष्ट आपण नेहमी विसरतो.

तिसरी एक कसोटी नियम म्हणून लिहिलेली नाही, पण इतिहासातून दिसते. राजा अहाब रामोथ-गिलादवर स्वारी करणार होता. त्याच्या पदरी असलेल्या सुमारे चारशे संदेष्ट्यांनी एका सुरात विजयाची हमी दिली. इम्लाचा पुत्र मीखाया हा एकटा वेगळे बोलला आणि बंदिवासात गेला (१ राजे २२). त्याला बोलावण्याआधीच अहाबाने स्पष्ट सांगितले होते की आपण त्याचा द्वेष करतो, कारण तो आपल्याविषयी कधी चांगले बोलत नाही. ऐकणाऱ्याला जे हवे तेच सांगणारा संदेष्टा शंकास्पद असतो, आणि तो ज्याच्या पदरी जेवतो त्याच्या बाजूने बोलत असेल तर अधिकच. यिर्मयाच्या काळातील हनन्याने दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल असे गोड आश्वासन दिले. यिर्मयानेही तसेच होवो असे म्हटले, पण सत्य लपवले नाही (यिर्मया २८). सत्य सांगण्याचा आनंद यिर्मयाला कधीच झाला नाही. त्याने ते अश्रू ढाळीत सांगितले.

आमोस तर स्वतःला संदेष्टा म्हणवून घ्यायलाही तयार नव्हता. आपण मेंढपाळ आहोत, उंबराची झाडे राखणारे आहोत, देवाने कळपामागून उचलून आपल्याला पाठवले, असे त्याने सांगितले (आमोस ७:१४-१५). खऱ्या संदेष्ट्याने फलक लावून सभा भरवल्याचे उदाहरण बायबलमध्ये सापडत नाही.

मौनाचा काळ आणि ख्रिस्त

एक काळ असा आला की इस्राएलात संदेष्टाच उरला नाही. मक्काबींच्या ग्रंथात एक हृदयस्पर्शी तपशील आहे. परकीयांनी विटाळलेली वेदी यहूदाने पाडली तेव्हा त्या पवित्र दगडांचे काय करावे हे कोणालाच कळेना. तेव्हा कोणी संदेष्टा येऊन सांगेपर्यंत ते दगड डोंगरावर जपून ठेवण्यात आले (१ मक्काबी ४:४६). श्रद्धावंत माणसे वाट पाहत होती. न कळणाऱ्या गोष्टी त्यांनी खोट्या उत्तरांनी भरून काढल्या नाहीत.

मग मंदिरात वृद्ध हन्ना संदेष्टी भेटते (लूक २:३६) आणि अरण्यात योहान बाप्तिस्ता गर्जना करतो. प्रभू येशूने योहानाला संदेष्ट्याहून श्रेष्ठ म्हटले. सारे संदेष्टे व नियमशास्त्र योहानापर्यंत होते असेही प्रभू म्हणाला (मत्तय ११:९-१३). लोकांनी येशूलाही मोठा संदेष्टा मानले (लूक ७:१६), परंतु तो संदेष्ट्याहून अधिक आहे. संदेष्टा देवाचा शब्द आणतो, ख्रिस्त हाच देवाचा शब्द आहे. पूर्वी देव संदेष्ट्यांच्या द्वारे अंशाअंशाने बोलला, आता तो पुत्राच्या द्वारे बोलला आहे, असे इब्री लोकांस पत्राच्या आरंभीच सांगितले आहे. सोळाव्या शतकातील क्रूसभक्त संत योहान यांनी याच वचनावर चिंतन करून सांगितले की, पित्याने आपल्या पुत्रात सर्व काही सांगून टाकले आहे. आता नव्या दर्शनासाठी हट्ट धरणे म्हणजे ख्रिस्तावरून नजर काढून घेणे होय.

मग तिथेच विषय संपला, असे वाटेल. मी त्या मातेला नेमके हेच सांगितले होते. पण नवा करार तसे सांगत नाही.

प्रेषितांच्या काळातील संदेष्टे

पेन्टेकॉस्टच्या दिवशी संत पेत्राने योएल संदेष्ट्याचे वचन उलगडून दाखवले. देव आपला आत्मा सर्व मनुष्यमात्रावर ओतील आणि पुत्र व कन्या, तरुण व वृद्ध, दास व दासी संदेश देतील, असे ते वचन आहे. मोशेनेही कधीकाळी हीच इच्छा व्यक्त केली होती. एल्दाद व मेदाद छावणीतच संदेश देऊ लागले तेव्हा यहोशवाने त्यांना थांबवण्यास सांगितले. परमेश्वराची सारी प्रजाच संदेष्टी झाली तर किती बरे होईल, असे मोशे उत्तरला (गणना ११:२४-२९). पेन्टेकॉस्टला त्याची इच्छा पूर्ण झाली.

पुढे अंत्युखियाच्या ख्रिस्तसभेत संदेष्टे होते (प्रेषितांची कृत्ये १३:१). फिलिपाच्या चार कन्या संदेश देत असत (२१:९). अगब हा संदेष्टा तर दोनदा भेटतो, आणि त्याच्या दोन्ही कथा आजच्या प्रश्नाला थेट भिडतात.

पहिल्या कथेत अगबाने मोठा दुष्काळ पडणार असल्याचे सांगितले. हे ऐकून शिष्यांनी काय केले? त्यांनी यहुदियातील गरीब बांधवांसाठी आपापल्या ऐपतीप्रमाणे मदत गोळा करून पाठवली (११:२७-३०). म्हणजे भाकितानंतर पैसा वाहिला तो गरजूंकडे, अगबाकडे नव्हे.

दुसऱ्या कथेत अगबाने पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधले आणि यरुशलेममध्ये पौलाला असेच बांधले जाईल असे सांगितले. सारे रडू लागले, जाऊ नका म्हणून विनवू लागले. पौल गेला. त्याने अगबाला खोटे म्हटले नाही, पण आपला निर्णय त्याच्या हाती सोपवलाही नाही. शेवटी सारे म्हणाले की प्रभूची इच्छा असेल तसे होवो (२१:१०-१४). संदेश खरा असला तरी तो माणसाची सदसद्विवेकबुद्धी हिरावून घेत नाही. निर्णय पौलाचा होता, तो त्याने प्रार्थनेने घेतला.

करिंथच्या ख्रिस्तसभेत या वरदानावरून गोंधळ माजला होता. संत पौलाने वरदान बंद केले नाही, त्याला शिस्त लावली. संदेश हा उभारणी, उत्तेजन आणि सांत्वन यांसाठी असावा (१ करिंथ १४:३). दोघा-तिघांनी बोलावे आणि इतरांनी त्याची पारख करावी (१४:२९). थेस्सलनीकाकरांना त्याने तीन गोष्टी एकत्र सांगितल्या: आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, मात्र सर्व पारखून चांगले ते धरा (१ थेस्सल ५:१९-२१). ख्रिस्तसभेची सारी शिकवण या तीन सूत्रांत सामावली आहे.

काही प्रॉटेस्टंट विचारवंत असे मानतात की नव्या कराराचे लेखन पूर्ण होताच हे वरदान संपले. पूर्णत्व आल्यावर संदेश देणे बंद होईल, या पौलाच्या वचनाचा (१ करिंथ १३:८-१०) ते तसा अर्थ लावतात. कॅथोलिक परंपरेने ते ‘पूर्णत्व’ म्हणजे देवाला समोरासमोर पाहणे असे मानले आहे, कारण पौल लगेच त्याच दर्शनाविषयी बोलतो (१३:१२). तो दिवस अजून यावयाचा आहे. तोवर वरदान राहणार, आणि पारखण्याची जबाबदारीही राहणार.

आरंभीच्या ख्रिस्तसभेचा अनुभव

‘डिडाखे’ म्हणजे ‘बारा प्रेषितांची शिकवण’ हा अगदी आरंभीच्या काळातील छोटासा ग्रंथ. तो अनेक शतके हरवलेला होता. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे त्याचे हस्तलिखित सापडले आणि १८८३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या काळी संदेष्टे गावोगाव फिरत. त्यांची पारख कशी करावी याच्या अगदी व्यवहारी सूचना या ग्रंथात आहेत. जो प्रभूच्या रीतीने वागतो तो खरा. जो शिकवतो पण स्वतः तसे वागत नाही तो खोटा. आत्म्याच्या नावाने जो स्वतःसाठी पैसे मागतो त्याचे ऐकू नये. मात्र इतर गरजूंसाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नये. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या साध्या भाविकांना जे कळले, ते आपल्याला कळू नये काय?

दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रिगिया प्रांतात मोन्तानुस आणि त्याच्याबरोबर प्रिस्किल्ला व मॅक्सिमिल्ला या दोन स्त्रिया पुढे आल्या. पवित्र आत्मा आपल्यातून थेट बोलतो आणि नवे यरुशलेम आपल्याच भागात उतरणार आहे, असा त्यांचा दावा होता. त्यांचे उपवास कडक होते, उत्साह दांडगा होता. तेर्तुल्यनसारखा प्रकांड पंडितही त्यांच्याकडे ओढला गेला. बिशपांनी मात्र त्यांना नाकारले, कारण ते आपल्या शब्दाला प्रेषितांच्या शिकवणुकीहून वरचे स्थान देऊ लागले होते. त्याच शतकातील संत इरेनियस यांनी दुसऱ्या टोकालाही विरोध केला. खोट्या संदेष्ट्यांच्या भीतीने संदेश देण्याचे वरदानच ख्रिस्तसभेतून हाकलून देऊ पाहणाऱ्यांना त्यांनी दोष दिला. मधला मार्ग तेव्हापासूनचा आहे.

काय संपले आणि काय संपले नाही

आता ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण पाहू. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणाविषयीच्या संविधानात स्पष्ट केले की ख्रिस्ताबरोबरचा करार अंतिम आहे. प्रभूच्या गौरवी आगमनापर्यंत कोणतेही नवे सार्वत्रिक प्रकटीकरण होणार नाही. ख्रिस्तसभा प्रेषित व संदेष्टे यांच्या पायावर रचलेली आहे (इफिस २:२०), आणि घराचा पाया एकदाच घातला जातो. बायबलला नवे पान जोडणारा, श्रद्धासिद्धांतात भर घालणारा संदेष्टा आता येणार नाही. या अर्थाने मी त्या मातेला सांगितले ते खरे होते.

परंतु घर पायाशी थांबत नाही. त्याच विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात शिकवले की देवाची सारी प्रजा ख्रिस्ताच्या संदेष्टेपणात सहभागी आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच हा भेद नेमका मांडला होता. प्रत्येक काळात संदेशाचा आत्मा लाभलेली माणसे होत आली आहेत. ती श्रद्धेचे नवे सिद्धांत सांगण्यासाठी नव्हे, तर माणसांच्या आचरणाला दिशा देण्यासाठी होत.

कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद ६७) ‘खासगी’ प्रकटीकरणांविषयी हेच सांगतो. त्यांतील काहींना ख्रिस्तसभेने मान्यता दिली आहे. तथापि ती श्रद्धेच्या ठेव्याचा भाग नाहीत. ख्रिस्ताचे प्रकटीकरण पूर्ण करणे हे त्यांचे काम नाही, एखाद्या विशिष्ट काळात ते अधिक उत्कटतेने जगण्यास साहाय्य करणे हे त्यांचे काम आहे. लूर्डची दर्शने (१८५८) किंवा फातिमाची दर्शने (१९१७) यांना ख्रिस्तसभेची मान्यता आहे, तरीही त्यांवर विश्वास ठेवणे हे तारणासाठी बंधनकारक नाही. लूर्डची संत बर्नादेत अतिशय गरीब घरातली होती. दर्शनांनंतर लोक भेटी देऊ पाहत, त्या तिने घेतल्या नाहीत.

फातिमाच्या तथाकथित ‘तिसऱ्या रहस्या’विषयी कित्येक वर्षे भीतीदायक वदंता पसरल्या होत्या. जून २००० मध्ये व्हॅटिकनने ते प्रसिद्ध केले. त्यासोबत कार्डिनल रात्झिंगर यांनी, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले, लिहिलेले विवेचन होते. बायबलच्या अर्थाने संदेश देणे म्हणजे भविष्य वर्तवणे नव्हे, तर वर्तमानासाठी देवाची इच्छा उलगडणे, हे त्यांनी त्यात समजावून सांगितले. भविष्य हे आधीच चित्रित झालेल्या चित्रपटासारखे ठरलेले नसते. दर्शन मिळते ते माणसाच्या स्वातंत्र्याला जागे करण्यासाठी.

संतांचे उदाहरण

इतिहासात डोकावले तर अशी माणसे प्रत्येक शतकात भेटतात. जर्मनीच्या संत हिल्डेगार्ड (१०९८-११७९) यांनी सम्राटांना व धर्माधिकाऱ्यांना खडे बोल सुनावले. पोप बेनेडिक्ट यांनी २०१२ साली त्यांना ख्रिस्तसभेच्या महापंडित म्हणून घोषित केले. सिएनाच्या संत कॅथरीन या रंगाऱ्याच्या कन्या. पोप ग्रेगरी अकरावे फ्रान्समधील अविन्यों येथे राहत होते. आपल्या जागी, रोमला परत या, असे कॅथरीन यांनी त्यांना पत्रांतून आणि १३७६ साली प्रत्यक्ष भेटून सांगितले. जानेवारी १३७७ मध्ये पोप रोमला परतले. कॅथरीन यांनी पोपमहोदयांना स्पष्ट सुनावले, पण त्यांना सोडून वेगळी चूल मांडली नाही. खऱ्या संदेष्ट्याचे हे ठळक लक्षण आहे. तो ख्रिस्तसभेच्या आत राहून बोलतो.

संत फाउस्तिना कोवाल्स्का यांची कथा संयमाची आहे. दैवी करुणेची प्रतिमा आज आपल्या कित्येक घरांत आहे. पण १९५९ साली रोमच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या लिखाणाप्रमाणे या भक्तीचा प्रसार करण्यास मनाई केली होती. फाउस्तिना १९३८ सालीच निवर्तल्या होत्या. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक धन्यवादित मायकेल सोपोच्को १९७५ साली प्रभुघरी गेले, तेव्हाही मनाई कायम होती. ती १९७८ साली उठली आणि ३० एप्रिल २००० रोजी फाउस्तिना संत घोषित झाल्या. जे देवाचे असते ते वाट पाहू शकते. ‘आजच पैसे भरा, उद्या उशीर होईल’ असे देवाचा आत्मा म्हणत नाही.

बिशपांची जबाबदारी

दर्शने व संदेश यांच्या पारखीसाठी रोमच्या श्रद्धासिद्धांत विभागाने १७ मे २०२४ रोजी नवे नियम प्रसिद्ध केले. ते त्याच वर्षीच्या पेन्टेकॉस्टपासून अमलात आले. आता बिशप प्राथमिक चौकशी करतात आणि रोमशी विचारविनिमय करूनच निर्णय जाहीर करतात. निर्णय सहा प्रकारचे असू शकतात. ‘हरकत नाही’ येथपासून ‘हे अलौकिक नाही’ येथपर्यंत त्यांची व्याप्ती आहे. एखादी घटना निःसंशय अलौकिक आहे, अशी घोषणा सामान्यतः केली जात नाही. पैसा, सत्ता वा प्रसिद्धी यांचा हव्यास, शिकवणुकीतील चुका, पंथ निर्माण करण्याची वृत्ती ही प्रतिकूल चिन्हे मानली आहेत. अलौकिक अनुभवाच्या नावाखाली दुसऱ्यांवर हुकमत गाजवणे ही विशेष गंभीर बाब असल्याचेही त्यात नमूद आहे. त्या मातेच्या मस्तकावर हात ठेवून जे घडले, ते या वाक्यासमोर ठेवून पाहावे.

आपले संदेष्टेपण

स्नानसंस्काराच्या वेळी बाळाच्या मस्तकाला क्रिझम या पवित्र तेलाचा अभिषेक होतो. ते बाळ ख्रिस्ताचे अंग बनते, जो याजक, संदेष्टा आणि राजा आहे. हा विधी आपण डोळ्यांनी पाहतो, पण त्याचा अर्थ मंदिराच्या दाराशीच ठेवून घरी जातो. आपण संदेष्टे आहोत म्हणजे आपल्याला शेजाऱ्याचे भविष्य कळेल असे नव्हे. आपल्या बोलण्याने आणि जगण्याने देवाचे सत्य आपल्या घरात, कचेरीत, बाजारात ऐकू यावे, असा त्याचा अर्थ आहे. पतीने मद्याच्या आहारी जाऊन घर उद्ध्वस्त करू नये म्हणून ठामपणे बोलणारी पत्नी, लाच नाकारणारा कारकून, हुंड्याला नकार देणारा तरुण हे सारे आपापल्या ठिकाणी संदेष्ट्याचे कार्य करीत असतात.

कधी हे कार्य प्राणावर बेतते. एल साल्वादोरचे महागुरू ऑस्कर रोमेरो यांनी सैनिकांना जनतेवरील अत्याचार थांबवण्याचे आवाहन केले. दुसऱ्याच दिवशी, २४ मार्च १९८० रोजी, मिस्सा अर्पण करीत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. २०१८ साली ते संत घोषित झाले. आपल्या वसईतही पाणी, झाडे आणि जमीन यांच्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीतून आवाज उठवला. जुलै २०२४ मध्ये ते प्रभुघरी गेले. त्यांनी स्वतःला संदेष्टा म्हणवून घेतले नाही, आणि तसा शिक्का मारण्याचा अधिकार आपल्यालाही नाही. पण सत्तेपुढे सत्य बोलणे म्हणजे काय, हे आपण पाहिले आहे.

पारखण्यासाठी काही प्रश्न

कोणी देवाच्या नावाने काही सांगत असेल तर शांत मनाने पुढील प्रश्न विचारावेत.

हे सांगणे शुभवर्तमानाशी आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी जुळते काय?

सांगणारा आपल्या धर्मगुरूंना व बिशपांना आपले बोलणे पारखू देण्यास तयार आहे काय, की गुप्तता पाळावयास लावतो?

पैसा कोणाकडे जातो? गरजूंकडे, की सांगणाऱ्याकडे?

हे ऐकून माझ्या मनात पश्चात्ताप, आशा आणि प्रेम वाढते, की केवळ भीती वाढते? देवाचा शब्द कधी कधी घाव घालतो, पण तो परत येण्याची वाटही दाखवतो.

माझा निर्णय माझ्या हाती राहतो काय? विवाह, औषधोपचार, घर, नोकरी यांविषयी आदेश देणाऱ्यापासून सावध राहावे. डॉक्टरांचे औषध बंद करावयास लावणारा ‘संदेश’ देवाचा नसतो.

शेवटी, फळ कोणते? वृक्ष फळावरून ओळखावा, ही प्रभूची स्वतःची कसोटी आहे (मत्तय ७:१५-२०), आणि फळ पिकावयास वेळ लागतो.

त्या मातेला मी हे सारे सांगितले. अगबाची कथा तिला विशेष भावली. “म्हणजे फादर, त्याचे म्हणणे खरे असते तरी निर्णय आमचाच होता,” ती म्हणाली. मी म्हणालो, “होय ताई. आणि निर्णय घेताना देव तुमच्या बाजूला उभा असतो, समोर शवपेटी घेऊन नव्हे.” मुलगी आणि तिचा नियोजित वर दोघेही मला येऊन भेटले. आम्ही तिघांनी मिळून प्रार्थना केली. दिलेली रक्कम परत मागण्याचे धैर्य त्या मातेला झाले नाही. उरलेली अर्धी रक्कम मात्र तिने धर्मग्रामातील एका आजारी मुलाच्या उपचारासाठी दिली.

पुढच्या रविवारी विवाहाची पहिली घोषणा वाचण्यात आली. ती माता तिसऱ्या बाकावर बसली होती.